एसी वाजतो कधी आणि कुठून?

मंडळी, कूलर खडखडायला लागला की आपण त्याच्या पत्र्यावर एक थाप मारतो, पंख्याचा नट आवळतो आणि काम भागतं. एसीवर हा इलाज चालत नाही. म्हणून आवाज आला की घरचे घाबरतात, आणि तालुक्याहून मेकॅनिक आला की त्याच्याकडून आधी गॅस भरून घेतात. आवाजाचा आणि गॅसचा संबंध फार थोड्या वेळा असतो. गावाकडे तर एसीच्या आवाजाचं मूळ पुष्कळदा यंत्राच्या बाहेरच सापडतं. कधी ते लाईनमध्ये असतं, कधी भिंतीत, कधी खळ्यावरून उडून आलेल्या कुटारात, म्हणजे भुशात. ते ओळखायचं कसं, एवढंच आज बोलू.

आवाज कसा आहे हे सगळेच सांगतात. तो कधी येतो हे मात्र कुणी बघत नाही, आणि खरी खूण तीच आहे. रिमोटवर एसी नुसत्या फॅन मोडला लावा आणि पाच मिनिटं थांबा. या वेळी बाहेरचं युनिट बंद असतं, फक्त आतला ब्लोअर फिरतो. आवाज आला तर दोष आतल्या युनिटमध्ये, म्हणजे ब्लोअर, त्याची मोटर, बुश किंवा हवेची दिशा बदलणाऱ्या पट्ट्या यांत. नाही आला तर कूल मोडला लावून तापमान २० वर आणा. साधारण तीन मिनिटांनी टक् असा रिलेचा, म्हणजे आतल्या स्विचचा, आवाज येतो आणि कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप, सुरू होतो. आता बाहेर जाऊन ऐका. मग एसी बंद करा आणि बंद होतानाही ऐका. या तीन वेळांपैकी आवाज कोणत्या वेळचा, हे कळलं की निम्मं काम झालं. सोबत मोबाईलवर तो आवाज टिपून ठेवा. मेकॅनिक दारात आला की यंत्र नेमकं गप्प बसतं, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

काही आवाज निरोगी असतात. चालू-बंद करताना प्लास्टिकचं कवच कटकट वाजतं, कारण ते गार होताना आकसतं आणि बंद झाल्यावर पुन्हा प्रसरण पावतं. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं फुसफुस किंवा झुळझुळ येते, ती नळ्यांमधला गॅसचा दाब समान होत असल्याची. इन्व्हर्टर एसीचा, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या एसीचा, बाहेरचा आवाज दुपारी चढतो आणि पहाटे उतरतो. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. मग कॉम्प्रेसर जोरात पळणारच. खिडकीच्या एसीत पावसाळ्यात मागून छपछप ऐकू येते, कारण त्याचा पंखा तळाशी साचलेलं पाणी उडवून मागची कॉइल गार करतो. ते पाणी काढून टाकायला तळाला भोक पाडणारे लोक आहेत. पाडू नका.

आता लाईनकडे येऊ, कारण आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. बाहेरचं युनिट हूंऽऽ करतं, पाच-दहा सेकंदांनी टक् होतं आणि शांत होतं. थोड्या मिनिटांनी पुन्हा तेच. याचा अर्थ कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, त्याला उठता येत नाही आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटर वाचवणारा आपोआप तुटणारा स्विच, त्याची वीज तोडतो. कारणं मुख्यतः दोन, व्होल्टेज कमी किंवा मोटरला उठायला मदत करणारा कपॅसिटर कमजोर. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज बावीस टक्क्यांनीच कमी झालं असं वाटतं, पण सुरू होतानाची ताकद ६१ टक्क्यांवर येते. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या खांबावरचं घर असेल आणि संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, कूलर, मोटारी एकदम चालू असतील, तर हे घडतंच.

व्होल्टेज मोजताना एक चूक सर्रास होते. एसी बंद असताना बोर्डावर २१५ दिसतात आणि मेकॅनिक म्हणतो लाईन ठीक आहे. मोजायचं असतं ते कॉम्प्रेसर उठण्याच्या क्षणी. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या दीड टनाच्या एसीचा चालू करंट सात-आठ अँपिअर असतो, पण उठताना तो त्याच्या पाच-सहा पट होतो. त्या क्षणी २१५ चे १७५ झाले तर घरातली वायर बारीक आहे किंवा कुठेतरी पीळ मारून केलेला जोड सैल आहे. दीड टनासाठी मीटरपासून थेट वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. प्लगमधून चरचर येत असेल किंवा पिन काळी पडली असेल तर तो आवाज ठिणगीचा आहे. एमसीबी पाडा आणि आधी तो बोर्ड बदला.

स्टॅबिलायझर लावावा का? साध्या एसीला लावावाच, दीड टनाला ४ केव्हीएचा. पण तो वीज तयार करत नाही. आत १७० येत असतील आणि त्याला बाहेर २३० द्यायचे असतील, तर एसीला लागणाऱ्या ८ अँपिअरसाठी तो लाईनमधून जवळपास ११ ओढतो. बारीक वायरीवर स्टॅबिलायझर बसवला की वायर आणखी तापते ती यामुळे. आणि भिंतीवर सारखं टकटक वाजत असेल तर तो एसी नसून व्होल्टेज हलताना टप्पे बदलणारा स्टॅबिलायझर असतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे त्याचा उठतानाचा झटका फार कमी. कमी व्होल्टेजच्या गावात नवीन घ्यायचा असेल तर इन्व्हर्टरच बरा. त्याच्या पाटीवर कमीत कमी किती व्होल्टवर चालतो हे वाचून घ्या.

व्होल्टेज ठीक असूनही कॉम्प्रेसर हूंऽऽ करून पडत असेल तर कपॅसिटर बघायचा. मोटारपंपाच्या दुकानात ह्यालाच कंडेन्सर म्हणतात. दीड टनाच्या साध्या एसीत कॉम्प्रेसरचा साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो, बाहेरच्या पंख्याचा २ ते ४ चा. त्यावर आकडा छापलेला असतो. मोजलेला आकडा छापलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला, किंवा डबी वरून फुगली, तर बदलायचा, तेवढ्याच आकड्याचा आणि ४४० व्होल्टचा. "जास्तीचा टाकला तर जास्त चालेल" असं म्हणून मोठा बसवतात, त्यात मोटर तापून जळते. हे काम मात्र मेकॅनिकचं. लाईन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो, आणि इन्व्हर्टरच्या बोर्डावर तर ३०० व्होल्टच्या वर काही मिनिटं टिकतो.

भिंतीचं बोलू. बाहेरचं युनिट तीस-पस्तीस किलोचं. जुन्या माती-विटांच्या भिंतीत साधे अँकर बोल्ट टिकत नाहीत, भोक हळूहळू मोठं होतं आणि सगळं स्टँड गुणगुणायला लागतं. अशा भिंतीत आरपार बोल्ट घेऊन आतून लोखंडी पट्टी लावावी, नाहीतर सरळ जमिनीवर सिमेंटच्या ठोकळ्यांवर युनिट ठेवावं. टिनाच्या छपरावर मुळीच नको. अख्खं टिन वाजतं आणि खालच्या खोलीत झोप लागत नाही. युनिटच्या पायांखालचे चार रबर आपल्या उन्हात कडक होऊन तडकतात, दर उन्हाळ्याआधी ते नखाने दाबून बघा. चालू असताना पंख्याच्या जाळीपासून हात लांब ठेवून पत्र्यावर तळहात दाबा. आवाज थांबला तर पत्र्याचा स्क्रू सैल आहे. स्टँड दाबल्यावर थांबला तर रबर किंवा बोल्ट. दोन्हीने थांबला नाही तर तांब्याच्या नळ्या एकमेकींना किंवा पत्र्याला घासतात का ते एसी बंद करून बघा. मध्ये इन्सुलेशनचा तुकडा सरकवला की भागतं. नळी वाकवायला जाऊ नका, चिमटली की गॅसचा रस्ताच अरुंद होतो.

आणि कुटार. सोयाबीन, तूर, गहू निघतो तेव्हा थ्रेशरचा भुसा, आणि जिनिंगच्या आसपासच्या गावांत हिवाळाभर कापसाची रुई हवेत असते. ती बाहेरच्या कॉइलवर गोधडीसारखी बसते. उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसर घरघरतो आणि दुपारी दोनला बंद पडतो. मार्चमध्ये एमसीबी पाडून कॉइल साध्या पाण्याच्या पाइपने, शक्य असेल तर आतून बाहेर, धुवा. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने तिच्या पातळ पात्या मुडपतात. काही जण पाठीवरचा फवारणी पंप वापरतात. शेतात वापरलेला तो पंप कितीही धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहतो, आणि आतल्या कॉइलवर मारला तर तीच हवा रात्रभर लेकरं घेतात. त्या कामाला तो पंप वर्ज्य.

तोच कचरा आत ब्लोअरच्या पात्यांवर कमी-जास्त बसला की तोल जातो आणि थडथड सुरू होते. वेग वाढवला की थडथड वाढते, ही खूण. ब्लोअर ब्रशने आणि पाण्याने, बोर्डाच्या बाजूला प्लास्टिक बांधून धुवावा लागतो. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर पातं तुटतं आणि मग तोल कायमचा गेला. ठरावीक लयीत घासल्याचा आवाज असेल तर ब्लोअर शाफ्टवरचा स्क्रू सैल होऊन तो बाजूला सरकला असेल. बारीक किरकिर मोटरच्या उलट्या टोकाच्या रबरी बुशची असते, तो बदलावा. तिथे घरातलं तेल सोडू नका, जवसाचं तर नाहीच. ते हवेत सुकून चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि आठवड्यात किरकिर दुप्पट होते. फिल्टर एरवी पंधरा दिवसांनी धुवा, खळं चालू असेल तेव्हा आठ दिवसांनी.

गुळगुळ आवाज पाण्याच्या पाइपचा. मे महिन्यात आपली हवा कोरडी, पाणी थोडंच निघतं, म्हणून ही तक्रार जुलैत येते. पाइपला दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार हवा आणि तोंड मोकळं हवं. बादलीत बुडवलेलं तोंड गुळगुळतंच. कुंभारमाशी त्या तोंडात मातीचं घर करते, मग पाणी भिंतीवरून उतरतं.

गॅसची गळती कधी समजायची? एसी चालू असताना सतत फुसफुस, कॉइलवर बर्फ, नळीच्या जोडावर तेलाचा डाग, आणि थंडावा कमी, असं एकत्र दिसलं तर. जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. आजकालच्या बऱ्याच एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, काहींत आर-२९०, तो तर प्रोपेनच. जवळ बिडी, चूल काही नको. गळती शोधल्याशिवाय गॅस भरणाऱ्याला थांबवा, आणि भरताना काट्यावर तोलून भरायला लावा. किती ग्रॅम हे युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

बाहेरच्या युनिटमधून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी ठोक येत असेल किंवा जळका वास असेल तर एमसीबी पाडा आणि पुन्हा लावून बघू नका.

मघाशी एका भाऊंनी विचारलं, एसीच्या खोलीत कूलरही लावला तर जास्त गार होईल का? नाही. कूलर हवेत ओल सोडतो आणि एसीची बरीच ताकद ती ओल काढण्यात जाते. पाणी वाढतं, पाइप गुळगुळतो, खोली गार होत नाही. कूलर ओसरीत लावा आणि एसीच्या खोलीचं दार बंद ठेवा. पंखा मात्र चालेल, दोनवर.