घरातल्या सर्वात सावकाश माणसाचा वेग

(मुलुंड येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आधी जरा हात वर करायला लावते. कर्जत, मुरबाड, लोणावळा, महाबळेश्वर, कुठेही डोंगरात ज्यांचं घर आहे, स्वतःचं, भावाचं किंवा अजून हप्ते चालू असलेलं, त्यांनी हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. आता ज्यांची मुलं-सुना कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी. हे उरलेलं निम्मं! (हशा) आणि ज्यांचे हात दोन्ही वेळा खाली राहिले, त्यांनाही फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री येऊरच्या डोंगरावर सरकणारी लाल रेघ खिडकीतून दिसली असेल.

आजचा विषय पत्रिकेत छापलाय: डोंगरातल्या घरासाठी वणव्याच्या वेळी निघण्याची योजना. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, कारण संयोजकांचा डोळा घड्याळावर आहे. ही योजना घरातल्या सर्वात सावकाश माणसाच्या वेगाने आखायची. बॅगेत काय भरायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण आपल्या घरातून निघायला नेमका किती वेळ लागतो, हे कोणी मोजलेलं नसतं. आपल्याकडे तर निरोप घेऊन झाल्यावर दारात उभं राहून अर्धा तास गप्पा होतात. (हशा) हसा, पण तो अर्धा तास लक्षात ठेवा.

आग डोंगर कसा चढते ते थोडक्यात सांगते. सपाटीवर ज्वाळा सरळ वर जाते. उतारावर ती वरच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापवून वाळवते, म्हणून चढाला आग पळत सुटते. चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. त्यात दुपारी वाराही डोंगर चढत असतो. आता आपण घर कुठे बांधतो? सोंडेच्या टोकावर, कारण तिथून दरी दिसते. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीला ११ मार्च २०१८ रोजी ट्रेकला गेलेली मंडळी अशाच वाळल्या गवताच्या उतारावर सापडली आणि वीसहून अधिक जीव गेले. चालते-फिरते, बहुतेक तरुण लोक होते ते.

आपला सह्याद्रीतला वणवा कॅलिफोर्नियासारखा नसतो, हे मान्य. इथे गवत भडकतं आणि लवकर विझतं, पाइनची उभी झाडं पेटत नाहीत. पण कोकणात दर उन्हाळ्यात आंबा-काजूच्या बागा जळतात, गोठे जळतात, आणि जिथे पूर्वी नुसती गुरं चरायची तिथे आज आपले बंगले उभे आहेत.

आता पॅराडाइजबद्दल. उत्तर कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या टेकड्यांत, दोन दऱ्यांमधल्या सोंडेवर वसलेलं हे सव्वीस-सत्तावीस हजार वस्तीचं गाव. ८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे विजेच्या वाहिनीमुळे जवळच्या खोऱ्यात आग लागली आणि सकाळ संपायच्या आत गाव पेटलेलं होतं. १८ हजारांहून जास्त इमारती गेल्या, ८५ माणसं गेली. हे गाव गाफील नव्हतं. विभाग पाडलेले होते, कोणत्या विभागाने केव्हा निघायचं हे ठरलेलं होतं. पण वाऱ्याने निखारे पुढे उडवले, एकाच वेळी सगळीकडे पेटलं, सगळे एकदम रस्त्यावर आले आणि रस्ता तुंबला. मोबाइलचे मनोरे पडले, कित्येकांना सूचना पोचलीच नाही. एका शाळेच्या बसचालकाने बावीस मुलं बाहेर काढली. धुरात श्वास घेता यावा म्हणून त्याने शर्ट फाडून, असलेल्या एकुलत्या एका बाटलीतल्या पाण्यात भिजवून, मुलांच्या नाकातोंडाला लावायला चिंध्या दिल्या. एरवी तासाभरात संपणारा तो प्रवास पाच तास चालला. आणि जे गेले, त्यांतले बहुतेक पासष्टीच्या पुढचे होते. कुणी घरातच, कुणी अंगणात, कुणी गाडीत.

हे वाचल्यापासून मला माझी मावशी डोळ्यांसमोर येते. तिची गोष्ट सांगते, थोडी लांबेल.

मावशी मुरबाडच्या बाजूला एका बंगल्यांच्या योजनेत राहते. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालते. मार्चमधली दुपार, मी तिच्याकडे जेवायला गेले होते. खालच्या अंगाला धूर दिसला. शेजारचे म्हणाले, "लांब आहे हो, दरवर्षी लागतो." आम्ही ताक प्यायलो. मग वारा फिरला आणि कुरणातून कडकड आवाज यायला लागला. गवत जळताना इतका आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मावसभाऊ कागदपत्रांची फाइल शोधायला कपाटात शिरला. वहिनी रक्तदाबाच्या गोळ्या शोधत होती, त्या फ्रिजवर होत्या. कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला आणि काही केल्या बाहेर येईना. गाडी तोंड आत करून लावलेली. आणि मावशी खुर्चीत शांत बसून सगळ्यांना सांगत होती, "तुम्ही व्हा पुढे."

कशीबशी ती गाडीत बसली, तर पुढचं फाटक उघडेना. विजेवर सरकणारं फाटक, आणि वीज गेलेली. कॅलिफोर्नियात २०१७ च्या आगींमध्ये वीज गेल्यावर म्हाताऱ्या माणसांना गॅरेजचं जड दार हाताने उचलता आलं नाही, काही त्यातच गेली. म्हणून २०१९ पासून तिथे नव्या गॅरेज-दारांना बॅटरी सक्तीची झाली. इथे आम्ही सगळे मिळून ते फाटक ढकलत होतो. आणि मागचं फाटक? त्याला कुलूप. किल्ली वॉचमनकडे. वॉचमन जेवायला गावात.

यावर मला बोलायचंच आहे. विकासकाच्या माहितीपत्रकात दोन प्रवेशद्वारं छापलेली आहेत. दुसरं प्रवेशद्वार म्हणून लोकांनी पैसे मोजलेत. मी पत्र पाठवलं, तर उत्तर आलं की मागचं फाटक सुरक्षेसाठी बंद ठेवलं आहे. कुणाची सुरक्षा? आत ऐंशीच्या घरातली माणसं, बाहेर जाणारा रस्ता एक, आणि चोर येऊ नये म्हणून आपण त्यांना कोंडून ठेवतो! मला याचा आजही संताप येतो आणि तो यावाच असं मला वाटतं. तुमच्यापैकी ज्यांचं घर अशा योजनेत आहे, त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत पोहण्याच्या तलावाच्या टाइल्सच्या आधी मागच्या फाटकाचा विषय घ्यावा.

त्या दिवशी आम्हाला वाचवलं ते वरच्या ठाकरवाडीतल्या पोरांनी. हिरव्या फांद्या तोडून, कुंपणाच्या कडेने ओळीने उभं राहून त्यांनी आग झोडपून काढली. एक बाई तर पोटऱ्या भाजल्या तरी हटली नाही. कुंपणापासून वीसेक फुटांवर आग बसली. नंतर मी मावशीच्या परवानगीने घड्याळ लावून मोजलं: खुर्चीतून उठून, चपला घालून, तीन पायऱ्या उतरून गाडीत बसेपर्यंत अकरा मिनिटं. तीही धूर नसताना, दिवसाउजेडी, कुणी घाई न करता.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, जे सांगायला बोलावलंत ते आता भरभर सांगते, लिहून घ्या.

पहिलं, मोजा. सर्वात सावकाश माणूस गाडीत बसेपर्यंतचा वेळ, अधिक सामान आणि जनावर, अधिक घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा वेळ. मावशीकडे तो चाळीस मिनिटांच्या आसपास भरला. त्याची दुप्पट करा, कारण धुरात सगळं मंदावतं. एवढ्या वेळात आग जिथून तुमच्या घरापर्यंत येऊ शकेल, त्याच्याही पलीकडची एक जागा निवडा: समोरची सोंड, ओढा, देऊळ. तिथे धूर दिसला की निघायचं, चर्चा नाही. आपल्याकडे घरोघर सूचना देणारी यंत्रणा नाही, म्हणून ही खूण आपणच ठरवायची.

दुसरं, सावकाश माणूस आधी निघतो, एका गाडीतून, एका धडधाकट माणसाबरोबर. त्यांनी बाकीच्यांसाठी थांबायचं नाही. भेटायची जागा आधीच ठरलेली हवी. आणि गावाबाहेरचा एक नातेवाईक, ज्याला सगळ्यांनी पोचल्याचा निरोप द्यायचा.

तिसरं, फेब्रुवारी ते मे गाडी तोंड बाहेर करून लावा, पेट्रोल निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. औषधं, चष्म्याची जादा जोडी, कागदपत्रांच्या प्रती, पाणी, विजेरी, मास्क, हे एका पिशवीत दाराशी. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात बूट. नायलॉन, पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं.

चौथं, निघताना गॅस सिलिंडरवरून बंद करा, खिडक्या-दारं लावून घ्या पण कुलूप नको, दिवे चालू ठेवा म्हणजे धुरात घर दिसतं. घराला लागून पाच फूट काहीही जळण्यासारखं नको: पालापाचोळा, सरपण, ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या. त्याबाहेर गवत कापलेलं. वन विभाग जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा पट्टा करतो, तशी सोसायटीनेही पावसाळा संपल्यावर आपल्या कुंपणालगतचं गवत काढावं, वनखात्याला विचारून आणि वाडीतल्या लोकांना मजुरी देऊन. वारा आणि उतार त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

थांबून घर वाचवू, असं कोणी म्हणेल. ऑस्ट्रेलियात हेच धोरण होतं: लवकर निघा, नाहीतर तयारी करून थांबा आणि घर वाचवा. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली, त्यानंतर ते धोरण बदललं आणि लवकर निघण्यावर भर आला. उशिरा निघणं हे तर सर्वात वाईट.

शेवटचं, तालीम. वर्षातून दोनदा, त्यातली एक रात्री आणि मेन स्विच बंद करून. फाटक हाताने उघडून बघा, घरातल्या प्रत्येकाने, वहिनींनीसुद्धा, आणि मागच्या फाटकाची किल्ली कुठे आहे ते प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. फोनमध्ये दोन क्रमांक आत्ताच घाला: ११२, आणि वन विभागाचा १९२६. घातले? मग आता प्रश्न विचारा.