किती होतील?

(दृश्य : कोल्हापूर. गंगावेस, दूध कट्टा. संध्याकाळची गर्दी. कॅमेरा माणसांच्या मागून.)

उद्याची फुटबॉलची मॅच जिंकणार कोण, हे इथं कुणी विचारत नाही. समोरची टीम गुणतक्त्यात तळाला आहे. गोल करायचा म्हटलं की तिच्या पोरांचे पाय लटपटतात आणि जो एक हुकमी फॉरवर्ड होता, तो गुडघा बांधून घरी बसलाय. विजय गृहीतच. भांडण आहे ते आकड्याचं.

"पाच."

"पाच कशाला? सहा धर."

"पहिल्या हाफला तीन झाले की आपली पोरं ढिली पडत्यात. चारवर थांबतंय बघ."

म्हशी आणून बांधल्यात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जातेय, फेसाळ दुधाचे ग्लास हातोहात पुढं सरकतायत. दूध देणारासुद्धा पैसे घेता घेता तेच विचारतो : "काय मग, किती हुतील?"

हंगामाच्या दिवसांत हा प्रश्न मिरजकर तिकटीला ऐकू येतो, निवृत्ती चौकात ऐकू येतो, सलूनच्या खुर्चीत मान वाकवून बसलेल्या माणसालाही विचारला जातो. पैज लागते ती कटवड्याची, फार तर मटणाच्या जेवणाची. पैज हरणारा जेवण घालतो, पण हरलो असं म्हणत नाही.

(दृश्य : पेठेतली तालीम. बाहेर फळा, फळ्यावर सामन्याची वेळ.)

पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कोल्हापूरच्या फुटबॉलमधली ही मोठी नावं. पेठेतल्या तालमीनं कुस्ती सांभाळली, गणपती बसवला आणि तिनंच फुटबॉलची टीमही मैदानात उतरवली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली के.एस.ए., 1940 पासून आहे. तिच्या लीगमध्ये वरिष्ठ गटात 16 संघ, आणि त्यातली बहुतेक नावं अशीच तालमींची नाहीतर तरुण मंडळांची.

म्हणून इथं तळाची टीम म्हणजे कुठल्या लांबच्या गावची अनोळखी अकरा माणसं नसतात. त्यांचा लेफ्ट बॅक तुमच्या धाकट्या भावाच्या वर्गात होता. त्यांच्या गोलकीपरची आत्या तुमच्याच गल्लीत दिलीय. आज रात्री तुम्ही "सहा" म्हणालात, तर उद्या सकाळी ती दारात उभी राहून विचारणार : "काय रे, सहा मारताय व्हय आमच्या पोराला?"

आता अंदाज सांगणारी माणसं बघा.

कॉलेजची पोरं मोठा आकडा सांगतात, आणि पुढं शून्य लावायला विसरत नाहीत. पाच-शून्य, सहा-शून्य. त्यांना मागच्या सामन्यातला आपला राग काढायचा असतो. समोर कोण आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

मग पन्नाशीतले काका असतात. ते "तीन-एक" म्हणतात. पोरं उसळतात. समोरच्यांना गेल्या महिन्याभरात एक गोल करता आला नाही, आणि आपल्यावर कसला करतायत? काका शांतपणे सुपारी कातरत असतात.

"आपला स्टॉपर शेवटच्या दहा मिनिटांत झोपतोय. हाय का न्हाई?"

यावर कुणी बोलत नाही, कारण स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू, झोपतो हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मते अख्ख्या कट्ट्यावर खरा अंदाज एवढाच. समोरच्याच्या पदरात टाकलेला तो एक गोल म्हणजे स्वतःच्या टीमवरची तक्रार असते. एरवी पेठेत उभं राहून आपल्या टीमला नावं ठेवायची कुणाची छाती होत नाही. कमजोर टीमविरुद्धचा अंदाज सांगताना ते चालून जातं.

आणि एखादा असा असतो, जो काहीच सांगत नाही. "आधी बोलायचं न्हाई. नाट लागतंय." त्याला सगळे हसतात. पण त्याच्याकडं तारखेसकट दाखले असतात.

(दृश्य : रात्री, गल्लीतला अर्जेंटिनाचा निळा-पांढरा रंग. जुने व्हिडिओ.)

22 नोव्हेंबर 2022, मंगळवार, दुपारी साडेतीन. कतारमधलं लुसैल स्टेडियम, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. त्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांमध्ये मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे उंचच उंच कटआउट उभे होते. अर्जेंटिना सलग 36 सामने हरलेली नव्हती. सौदी जागतिक क्रमवारीत 51 वी. इथं कट्ट्याकट्ट्यावर अंदाज होता तीन, चार, काहींचा पाच.

दहाव्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टीवर गोल केला. पहिल्या हाफमध्ये चेंडू आणखी तीनदा जाळीत गेला, तिन्ही वेळा ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना खेळाडू समोरच्या बचावफळीच्या पलीकडं, गोल बाद. म्हणजे चार म्हणणारा तसा चुकला नव्हता. पंचांनी एकच मोजला, एवढंच. सौदीनं डिफेन्सची फळी मुद्दाम वर आणून ठेवली होती. एक पाय चुकला असता तर सहा झाले असते. तो धोका त्यांनी ठरवून घेतला होता, आणि टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या मंडळींना तो गबाळेपणा वाटत होता.

दुसऱ्या हाफला 48 व्या मिनिटाला सालेह अल-शेहरी, 53 व्या मिनिटाला सालेम अल-दौसरी. दोन-एक. मॅच तिथंच संपली. पुढं अर्जेंटिनानं तोच वर्ल्ड कप जिंकला, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्या संध्याकाळी ब्राझीलवाल्यांनी अर्जेंटिनावाल्यांना काय काय ऐकवलं, ते या व्हिडिओत घालण्यासारखं नाही.

त्याच वर्ल्ड कपमधला एक हिशेब सांगतो. 64 सामने, 172 गोल. सरासरी एका सामन्याला पावणेतीनही नाहीत, आणि तेही दोन्ही टीमचे मिळून. कट्ट्यावर मात्र एकट्या आपल्या टीमचे सहा.

(दृश्य : सराव. गोलपोस्टसमोर दाटीनं उभे राहिलेले बचावपटू.)

तळाची टीम खेळते कशी, हे नीट बघायला हवं. तिला जिंकायचं नसतंच, निदान पहिला तासभर तरी. नऊ-दहा जण आपल्याच पेनल्टी बॉक्सपुढं गर्दी करतात. चेंडू आला की लांब मारायचा, कुठं जातो ते बघायचं नाही. गोलकीपर बूट बांधतो, मोजे वर ओढतो, पाणी पितो. बरोबरी झाली तर एक गुण मिळतो, आणि खालच्या गटात घसरायची वेळ आलेल्या टीमला तो एक गुण वर्षभर पुरतो. इकडं मोठ्या टीमला वीस मिनिटांत गोल सापडला नाही की गॅलरीतून शिट्ट्या सुरू होतात. मग पोरं पास सोडून लांबून तडाखे हाणायला लागतात. बघणारा म्हणतो, आज नशीब नाही. प्रत्यक्षात समोरच्यानं जे ठरवलं होतं, तेच तुमच्याकडून करून घेतलेलं असतं.

इंग्लंडची प्रीमियर लीग रात्र जागून बघणाऱ्यांना 13 मे 2012 ही तारीख सांगावी लागत नाही. हंगामातला शेवटचा दिवस, मँचेस्टर सिटीच्या घरी क्यूपीआर, म्हणजे क्वीन्स पार्क रेंजर्स. सिटीनं त्या हंगामात घरच्या मैदानावरच्या 18 सामन्यांतले 17 जिंकलेले. क्यूपीआर खाली घसरण्याच्या काठावर. त्यात 55 व्या मिनिटाला क्यूपीआरच्या एकाला लाल कार्ड, म्हणजे उरले दहा. आणि त्या दहा जणांनी 66 व्या मिनिटाला दोन-एक अशी आघाडी घेतली! नव्वद मिनिटं संपली तरी सिटी मागंच. जादा वेळेत आधी झेकोचा हेडर, मग अग्वेरोचा गोल. तीन-दोन. सिटी आणि शर्यतीतली मँचेस्टर युनायटेड, दोघांचे गुण 89, विजेतेपद गेलं गोलफरकावर. क्यूपीआरही वाचली, कारण तिकडं तिच्यासारख्याच काठावरच्या बोल्टनला जिंकता आलं नाही. सिटी जिंकणार हा अंदाज बरोबर आला म्हणायचं. पण तो सांगणाऱ्यांचे त्या नव्वद मिनिटांत काय हाल झाले असतील!

सिटीवाल्यांना हे पुन्हा भोगावं लागलं. 10 मे 2025 ला, कधीच खाली घसरून गेलेल्या साउदम्प्टननं त्यांना शून्य-शून्यवर रोखलं. साउदम्प्टनचा अख्ख्या हंगामाचा हिशेब 12 गुणांचा, त्यातला एक हा.

(दृश्य : दुसरी पेठ. छोटी गल्ली, वाळत घातलेल्या जर्सी.)

तळाच्या टीमच्या पेठेत त्या रात्री कट्टा भरतो, पण आवाज कमी असतो. इथंही अंदाज चालतात, फक्त "किती मारू" असं कुणी म्हणत नाही. "दोनच्या आत ठेवा रे", एवढंच मागणं. गंमत म्हणजे इथल्या बोलण्यात खेळ जास्त असतो. त्यांच्या राइट विंगरला आत येऊ द्यायचं नाही, बाहेरून पळवायचा, त्याचा उजवा पाय कच्चा आहे. कॉर्नर मिळाला तर उंच पोरगा मागच्या पोस्टला. मोठ्या टीमच्या कट्ट्यावर तासभर उभं राहिलं तरी समोरच्या एका खेळाडूचं नाव ऐकू आलं नव्हतं. इथं त्यांच्या अकराच्या अकरा जणांची कुंडली मांडून झालेली असते.

आपल्याकडच्या स्पर्धांत सामनावीराबरोबर लढवय्या खेळाडूचंही बक्षीस देतात, आणि ते बहुतेक वेळा हरलेल्या टीममधल्या पोराला मिळतं. या पेठेत ती बक्षिसं मांडून ठेवलेली दिसतात.

(दृश्य : छत्रपती शाहू स्टेडियम. दुपारचं ऊन, भरत चाललेल्या पायऱ्या, बंदोबस्त.)

असे सामने बऱ्याचदा एक-शून्यनं सुटतात. गोल उशिरा होतो, कुणाच्या तरी गुडघ्याला लागून. सहा म्हणणारा म्हणतो, ऑफसाइड दिला नसता तर झाले असते. चार म्हणणारा कोचला शिव्या घालतो. काका कटवड्याचे पैसे देतात, कारण त्यांचाही आकडा चुकलाय. पण स्टॉपर शेवटच्या दहा मिनिटांत झोपला होता, हे ते तीन जणांना ऐकवूनच उठतात.

आणि बाहेर पडता पडता पुढच्या सामन्याचा विषय निघतो. पुढं गाठ तगड्या टीमशी असली की मग विचारून बघा, किती होतील? आकडा कुणीच सांगत नाही. "बघू की", म्हणतात, आणि गाडीला किक मारतात.