लस घेतली, पण लागू पडली का?

नमस्कार श्रोतेहो.

आज मला रुग्णालयात काम करणाऱ्या माणसांविषयी बोलायचं आहे. डॉक्टर आणि सिस्टर तर आहेतच, पण लॅबमध्ये रक्त हाताळणारे टेक्निशियन, ऑपरेशन थिएटरमधले ब्रदर, वॉर्डातले मामा आणि मावशी हेही त्यात आले. रात्रपाळीनंतर कचऱ्याच्या पिशव्या उचलताना ज्यांच्या हाताला एखादी उघडी सुई लागते, ती हीच माणसं. त्यांच्यापैकी कुणी आत्ता ऐकत असेल, तर हे बोलणं मुद्दाम तुमच्यासाठी आहे.

हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणूजन्य आजार. रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर संसर्ग होण्याची शक्यता रुग्णाच्या स्थितीनुसार ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत हाच आकडा सुमारे ०.३ टक्के आहे. भीती मात्र सगळ्यांना एचआयव्हीची वाटते! हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, ७ दिवस तग धरू शकतो. त्यावर उत्तम लस आहे आणि तिचे तीन डोस असतात: आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.

आता कुठल्याही वॉर्डात जाऊन विचारा, "लस घेतली का?" उत्तर येईल, "हो, झालीय ना केव्हाच. कार्ड आहे." पुढे विचारा, "टायटर केलं होतं का?" इथे बहुतेक जण गप्प होतात. टायटर म्हणजे लसीनंतर रक्तात किती प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या अँटीबॉडीज, तयार झाली ते मोजणारी साधी रक्तचाचणी. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी ती करायची असते. पातळी १० किंवा त्याहून जास्त आली की ती व्यक्ती सुरक्षित धरतात. निरोगी माणसाची पातळी एकदा दहाच्या वर गेली आणि काही वर्षांनी उतरली, तरी शरीराची आठवण टिकून राहते, म्हणून पुन्हा डोसची गरज नसते. पण ही चाचणी वेळेवर केलीच नाही, तर दहा वर्षांनी आलेल्या कमी आकड्याचा अर्थ लावणं अवघड होऊन बसतं. लस मुळात लागूच पडली नव्हती, की लागू पडून पातळी उतरली, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

तिन्ही डोस घेऊनही काही जणांच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. वय वाढलेलं असतं, धूम्रपान असतं, मधुमेह असतो. आणि एक कारण आपल्या शरीराच्या घडणीत असतं, म्हणजे अंगात चरबी किती आणि स्नायू किती.

ही गोष्ट पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आली तीही रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांमुळेच. १९८५ साली अमेरिकेत हिपॅटायटिस बीची लस घेतलेल्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि असं दिसलं, की लठ्ठ व्यक्तींमध्ये प्रतिपिंडं तयार होण्याचं प्रमाण बरंच कमी आहे. त्या काळी ही लस अनेक ठिकाणी कमरेत टोचत असत. कमरेखाली चरबीचा थर जाड असतो. सुई स्नायूपर्यंत पोचायच्या आत लस चरबीतच रिकामी होई. चरबीला रक्तपुरवठा कमी आणि लसीला ओळखून पुढे खबर देणाऱ्या पेशीही तिथे कमी. लस तिथे पडून राहते आणि वाया जाते. म्हणून पुढे नियम झाला, की मोठ्या माणसांना ही लस दंडातच द्यायची.

दंडात देऊनही प्रश्न पुरता सुटला नाही. १९९३ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही जास्त वजन आणि धूम्रपान या गोष्टी कमी प्रतिसादाशी जोडलेल्या आढळल्या.

इथे मला थोडं थांबून सुईबद्दल बोलायचं आहे, कारण याकडे फार कमी लक्ष जातं. लसीकरणाला आपल्याकडे सर्रास वापरतात ती २३ नंबरची, मागचा प्लास्टिकचा भाग निळा असलेली, २५ मिलिमीटर लांबीची सुई. बहुतेकांना ती पुरते. पण ज्यांचा दंड भरलेला आहे, विशेषतः स्त्रियांचा, त्यांच्या त्वचेखालचा थर ओलांडायला ती कमी पडू शकते. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की सुमारे ९० किलोच्या पुढच्या स्त्रियांना आणि ११८ किलोच्या पुढच्या पुरुषांना ३८ मिलिमीटरची सुई वापरावी. लठ्ठ किशोरवयीन मुलामुलींवर तिथे एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना लस तीच, डोस तोच, फक्त एका गटाला लांब सुई. त्या गटाची प्रतिपिंडं जास्त आली. सिस्टर, तुम्ही लस देत असाल तर खांद्याच्या टोकाचं हाड चाचपा, त्याखाली दोन-तीन बोटं सोडा, त्वचा ताणून धरा आणि सुई सरळ काटकोनात घाला. चिमटीत चरबी पकडून टोचू नका. बाही अर्धवट वर सरकवून घाईने टोचलं, की जागा चुकते. स्त्री कर्मचाऱ्यांना आडोसा मिळाला तर त्या खांदा मोकळा करतात, म्हणून लसीकरणाच्या खोलीत पडदा हवाच.

सुई बरोबर पोचली तरी फरक उरतो, त्याला कारण शरीरातल्या घडामोडी. पोटातली चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती सतत रसायनं सोडत असते आणि अंगात मंद, न जाणवणारी सूज कायम ठेवते. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी अशा वातावरणात लवकर थकतात. वय झालेल्या माणसाच्या बी पेशी जशा वागतात, तशा त्या तरुण वयातच वागू लागतात. उलट स्नायू हा प्रथिनांचा साठा आहे आणि तो घटला की प्रतिकारशक्तीलाही झळ पोचते.

कोविडच्या काळात या विषयाला एकदम जोर आला, कारण सगळ्यात आधी लस आरोग्य कर्मचाऱ्यांनाच मिळाली. रोममधल्या एका रुग्णालयसमूहातल्या २४८ कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात तरुण, सडपातळ आणि स्त्री कर्मचाऱ्यांची प्रतिपिंडं जास्त आढळली. इटलीतल्याच आणखी एका लहान अभ्यासात कंबरेचा घेर मोजला होता. घेर जास्त, तशी पातळी कमी. टोकियोत २,४३५ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. तिथे पुरुषांमध्ये वजन वाढेल तशी पातळी उतरत गेली. स्त्रियांमध्ये मात्र लठ्ठ आणि फार कृश अशा दोन्ही टोकांना ती कमी होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अंगात काहीच नसणंही बरं नाही, आणि आपल्या रुग्णालयांत रक्त कमी असलेल्या, जेवणाची आबाळ झालेल्या मावशी काही कमी नाहीत.

भारतात १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झालं, तेही आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच. १३ राज्यांतल्या ५१५ कर्मचाऱ्यांच्या एका पाहणीत दोन डोसनंतर ९५ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली. साठीपुढच्या आणि मधुमेह असलेल्या लोकांमध्ये हे प्रमाण कमी होतं. बीएमआयने, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन सांगणाऱ्या आकड्याने, मात्र फरक दिसला नाही. मग आपल्याकडे चरबीचा संबंधच नाही का?

मला तसं वाटत नाही. बीएमआय ही आपल्या लोकांसाठी अपुरी मोजपट्टी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, पोट पुढे, वजन काट्यावर अगदी 'नॉर्मल', अशी माणसं आपल्या घराघरात आहेत. म्हणून टेप घ्या आणि कंबर मोजा. आपल्यासाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. लसीच्या प्रतिसादाचे आपले अभ्यासही वजनकाट्यावर न थांबता चरबी आणि स्नायू वेगळे मोजून व्हायला हवेत.

हे ऐकून कुणी असा अर्थ काढू नये, की लठ्ठ माणसाला लस देऊन उपयोग नाही. उपयोग आहे, आणि भरपूर आहे. लठ्ठपणात आजार गंभीर होण्याचा धोका जास्त, म्हणून लसीची गरजही त्यांनाच जास्त. फक्त प्रतिपिंडांचा आकडा म्हणजे सगळं संरक्षण नव्हे, हेही लक्षात असू द्या. नॉर्थ कॅरोलायनात फ्लूच्या लसीचा अभ्यास झाला, तो २०१७ चा. लठ्ठ लोकांची प्रतिपिंडं इतरांइतकीच होती, तरी त्यांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचं प्रमाण दुप्पट निघालं. प्रतिपिंडांपलीकडे टी पेशींचंही, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचंही, काम असतं आणि ते या चाचणीत दिसत नाही.

आणि कृपा करून कर्मचाऱ्यांना दोष देऊ नका. सलग रात्रपाळ्या, डबा उघडायला वेळ नाही, कँटीनला वडापाव आणि गोड चहा. अशा नोकरीत पोट सुटलं तर तो त्या बाईचा आळस नव्हे. "आधी वजन कमी करा, मग बघू" असं म्हणून हात झटकण्यापेक्षा रुग्णालयांनी आपलं काम करावं. तिन्ही डोस नोंदवहीत तारखेसह लिहावेत. शेवटच्या डोसनंतर टायटर फुकट करून द्यावं. दोन्ही लांबीच्या सुया ठेवाव्यात. आणि यात कंत्राटी सफाई कामगार आलेच पाहिजेत. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर पोचली ती २०११ च्या सुमारास. आज तिशी-चाळिशीत असलेल्या मामा-मावशींना लहानपणी ती मिळालेलीच नाही.

टायटर दहाच्या खाली आलं तर घाबरू नका. तीन डोस पुन्हा घ्या, बऱ्याच जणांना दुसऱ्या खेपेला लस लागू पडते. तरीही पातळी आली नाही, तर आधी रक्तात विषाणू आहे का ते तपासून घ्या. नसेल, तर तुम्ही 'नॉन-रिस्पॉन्डर' आहात. हा शब्द तुमच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि ड्यूटी संपायची वाट न पाहता लगेच कॅज्युअल्टीत कळवा. नॉन-रिस्पॉन्डर असाल आणि रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल, तर तुम्हाला तयार प्रतिपिंडांचं इम्युनोग्लोब्युलिन इंजेक्शन लागतं, शक्यतो २४ तासांच्या आत, आणि महिन्याने पुन्हा एकदा. ते तुमच्या रुग्णालयाच्या औषध भांडारात आहे का, नसेल तर कुठून आणणार, हे उद्या ड्यूटीवर गेल्यावर इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना विचारा.

नमस्कार.