तादामी लाईन: हिशोबात न बसणारी रेल्वे

ही गाडी तुम्ही फोटोत नक्की बघितली असणार. खाली हिरवंगार, आरशासारखं पाणी, वर लोखंडी कमान आणि त्यावरून चाललेली एक-दोन डब्यांची डिझेल गाडी. हा तादामी नदीवरचा पहिला पूल, जपानच्या फुकुशिमा प्रांतात, मिशिमा गावाजवळ. समोरच्या डोंगरावर कॅमेरेवाले आधीच येऊन जागा धरतात, कारण गाडी हुकली तर पुढची कधी हे विचारूच नका. आईझु-वाकामात्सु ते कोईदे, 135 किलोमीटर, आणि टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला जाऊन-येऊन फक्त 3.

आता नदी असून पाणी इतकं स्थिर कसं? धरणं! ह्या नदीवर एकामागोमाग एक धरणं आहेत, आणि ह्या रेल्वेची निम्मी गोष्ट तिथेच आहे. लाईन 1926 मध्ये आईझुकडून सुरू झाली आणि तुकड्या-तुकड्याने डोंगरात शिरत राहिली, पण कावागुची ते तादामी हा भाग प्रवाशांसाठी बांधलेलाच नव्हता. वर तागोकुरा धरणाचं काम चालू होतं, त्याचं सामान न्यायला वीज कंपनीने 1957 ला हे रूळ टाकले. धरण झालं, तागोकुरा नावाचं 50 घरांचं गाव पाण्याखाली गेलं, आणि सामानाच्या त्याच रुळांवर 1963 पासून माणसं बसायला लागली. मग सहा किलोमीटरहून लांब रोकुजुरिगोए बोगदा खोदून 1971 मध्ये लाईन पार निइगाता प्रांतात जोडली.

80 च्या दशकात सरकारी रेल्वे कर्जात बुडाली, तोट्यातल्या लाईनी धडाधड बंद व्हायला लागल्या. ही का वाचली? तर बर्फामुळे. शेजारचा हायवे नंबर 252 हिवाळ्यात बर्फाने बंदच असतो, म्हणजे बस देऊन भागणार नव्हतं.

मग आलं 2011. मार्चच्या भूकंपाला जेमतेम चार महिने झाले होते, जुलैअखेर असा काही पाऊस कोसळला की तादामी नदीवरचे 3 पूल मोडले. कावागुची ते तादामी 27.6 किलोमीटर ठप्प. आणि पुराआधी ह्या तुकड्यावर दिवसाला सरासरी प्रवासी किती, तर 49! रेल्वे कंपनी (सरकारी रेल्वेच्या जागी आलेली खासगी जेआर ईस्ट) म्हणाली बस चालवू, आणि खरं सांगायचं तर कंपनीच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पण गावं हटून बसली. शेवटी 2017 मध्ये तोडगा निघाला: ह्या तुकड्याचे रूळ, पूल, बोगदे फुकुशिमा प्रांताचे, गाडी फक्त चालवायची रेल्वेने. फायद्यातल्या कंपनीला दुरुस्तीसाठी सरकारी पैसा देता येत नव्हता, तर 2018 ला कायदाच बदलला. सुमारे 900 कोटी येन खर्च झाला, आणि 1 ऑक्टोबर 2022 ला, म्हणजे 11 वर्षांनी, गाडी परत सुरू!

आता गंमत बघा, ज्या बर्फाने लाईन वाचवली त्याच बर्फामुळे हल्ली तादामीच्या पुढचा डोंगरातला टप्पा हिवाळ्यात अधूनमधून बंद ठेवावा लागतो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं लाल झाली की ह्याच गाडीत पाय ठेवायला जागा नसते. अर्थात गर्दी टुरिस्टांची, आणि त्यातले बरेच जण तर गाडीत न बसता फोटो काढून कारने परत जातात, आणि कावागुची-तादामी तुकड्याच्या पूल-रुळांच्या देखभालीचं बिल मात्र येतं ते प्रांताच्या आणि आसपासच्या गावांच्या तिजोरीवर.