गर्भनिरोधक गोळ्या : खासगीपणा आणि पहिले तीन महिने

गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईला ती बाब घरात, नात्यात किंवा कामाच्या ठिकाणी कोणाला कळू नये असे वाटत असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करते. माझा आग्रह एवढाच आहे की हा खासगीपणा डॉक्टरच्या दाराबाहेर राहावा. गोळी लपवण्यात धोका नसतो. धोका असतो तो स्वतःच्या प्रकृतीची माहिती लपवून ती सुरू करण्यात.

पुष्कळ जणी डॉक्टरकडे जाणे टाळतात, कारण आतून तपासणी होईल अशी त्यांना भीती वाटते. ती बहुधा अनाठायी असते, कारण गोळी सुरू करण्यासाठी तशी तपासणी सहसा लागत नाही. रक्तदाब मोजणे आणि काही प्रश्नांची खरी उत्तरे मिळणे यांवरच सारे अवलंबून असते. वय 35 च्या पुढे असून धूम्रपान चालू आहे का, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा आणणारी अर्धशिशी आहे का, पूर्वी रक्ताची गुठळी, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार झाला आहे का, नुकतेच बाळंतपण झाले आहे का, हे विचारले जाते, कारण यांपैकी काही असल्यास इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही संप्रेरके असलेली मिश्र गोळी सहसा देत नाहीत. तेव्हा कारण कोणते ते पाहून केवळ प्रोजेस्टोजेनची गोळी किंवा, स्तनाच्या कर्करोगासारख्या आजारात, संप्रेरक नसलेले दुसरे साधन सुचवता येते. क्षयावरील रिफाम्पिसिन आणि फिटवरील काही औषधे गोळीचा परिणाम घटवतात, म्हणून चालू औषधांची नावेही सांगावीत. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी परस्पर सुरू केली, तर हे प्रश्न कोणी विचारतच नाही.

जाण्यापूर्वी चौकशी मात्र जरूर करावी. नोंद कोण पाहू शकते, बिल किंवा विम्याचा कागद कोणाच्या हाती पडतो, भेटीची आठवण देणारा संदेश कोणत्या फोनवर जातो, हे थेट विचारावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. बहुतेकदा गुपित डॉक्टरच्या तोंडून फुटत नाही, ते अशा कागदांतून आणि संदेशांतून फुटते.

मिश्र गोळी पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांत घेतली, तर संरक्षण लगेच मिळते. इतर वेळी आधी गर्भ राहिला नसल्याची खात्री करून ती सुरू करता येते, पण मग सात दिवस निरोध वापरावा लागतो. एक गोळी चुकली, तर आठवताच ती घ्यावी, मग त्या दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालते. सलग दोन किंवा अधिक चुकल्या, तर शेवटची चुकलेली गोळी घेऊन पुढचे सात दिवस निरोधाची जोड द्यावी. काटेकोरपणे घेतल्यास वर्षभरात हजारातल्या सुमारे तीनच स्त्रियांना गर्भ राहतो, प्रत्यक्ष वापरात मात्र शंभरातल्या सुमारे सात जणींना. गोळी बहुतांशी विसरल्यामुळे फसते. लपवून घेणारीला विसरणे अधिक सोपे, म्हणून फोनवर रोजच्या ठरावीक वेळेचा गजर लावावा आणि त्याला कोणतेही निरुपद्रवी नाव द्यावे.

पहिले दोन-तीन महिने मळमळ, स्तनांत दुखरेपणा, डोकेदुखी आणि पाळीच्या मधेच डाग पडणे असे त्रास होऊ शकतात. यांतले डाग पडणे सर्वांत घाबरवते. गोळी काम करत नाही असे समजून ती मधेच सोडली जाते आणि नेमका तेव्हाच गर्भ राहतो. गोळ्या नियमित घेतल्या असतील, तर या डागांचा संरक्षणाशी संबंध नसतो आणि ते बहुधा आपोआप थांबतात. मळमळत असल्यास गोळी जेवणानंतर किंवा झोपताना घ्यावी. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी घ्यावी. वजन खूप वाढते, पुढे मूल होत नाही, या समजुतींना आधार सापडलेला नाही. लैंगिक संसर्गापासून मात्र गोळी वाचवत नाही. त्यासाठी निरोधच हवा.

एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला, छातीत दुखले, श्वास अपुरा पडू लागला, कधी नव्हे इतके डोके दुखले किंवा दृष्टीत अचानक फरक पडला, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. ही रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात. अशी गुठळी क्वचितच होते, पण झाल्यास वेळ फार थोडा असतो. बरोबर नातेवाईक असले आणि त्यांना काही ठाऊक नसले, तरी डॉक्टरांना बाजूला बोलावून आपण गर्भनिरोधक गोळी घेत असल्याचे सांगावे.