काकूंच्या मागोमाग चर्चमध्ये

श्रोतेहो, नमस्कार.

उदगीरला आमच्या घराशेजारी एक काकू राहतात. सगळं आयुष्य नर्सचं काम केलं, आता रिटायर झाल्यात. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून, हातात बायबल आणि गाण्यांचं पुस्तक घेऊन त्या आमच्या दारावरून चर्चला जातात. वीस वर्षं मी ते बघत आले. त्यांनी कधी ‘चल’ म्हटलं नाही, मी कधी ‘येऊ का’ विचारलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये विचारलं. माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात काकू महिनाभर रोज रात्री यायच्या, त्यांच्या पाठीच्या जखमा धुवायच्या. एका पहाटे त्या खाटेशी बसून हळू आवाजात म्हणत होत्या, “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.” सासरे माळकरी. डोळे मिटून, शांत ऐकत होते. ते शब्द जिथून आले ती जागा आपण बघितली पाहिजे, असं तेव्हापासून मनात होतं.

सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “जा की. देवाच्या दारी जायला काय विचारायलीस?”

तरी पाय अडखळत होते. चपला कुठं काढायच्या, डोक्यावर पदर घ्यायचा का, उभं कधी राहायचं? काकूंना एवढंच म्हटलं, “माझं काही चुकलं तर?” त्या म्हणाल्या, “माझ्याकडं बघत राहा.” चपला दाराबाहेर काढल्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पुढं लाकडी कठडा, त्यामागं वेदी, भिंतीवर साधा क्रूस. मूर्ती नाही, धूप नाही. माझी नजर सवयीनं गाभारा शोधत होती.

मग पेटी वाजली, ढोलकीवर थाप पडली, टाळ आले. आणि सगळी मंडळी गायला लागली तो चक्क अभंग होता! चाल भजनाची, शब्द मराठी, नाव तेवढं ख्रिस्ताचं. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांचं पुस्तक माझ्यापुढं धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांना ते सगळं पाठच होतं. दुसऱ्या कडव्याला मी गात होते. मला कुणी गा म्हटलं नव्हतं. लहानपणापासून एकादशीला ज्या तालावर मान डोलली, त्या तालावर गप्प बसताच येत नाही.

त्यातली बरीच भजनं कवी नारायण वामन टिळकांची, हे काकूंनी नंतर सांगितलं. टिळकांचा जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, १८९५ साली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतः म्हणत. त्या सकाळी मी त्याच पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभी होते आणि पलीकडचं गाणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

वचनं वाचली गेली, पाळकसाहेबांनी संदेश दिला. पण माझ्या मनात राहिली ती प्रार्थना. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले, “प्रभू, रानात सोयाबीन माना टाकतंय. ज्यांनी कर्ज काढून पेरलंय, त्यांच्या घरी आज रात्री झोप येऊ दे.” त्यात ख्रिस्ती शेतकरी, बाकीचे शेतकरी असं काही नव्हतं. आमचंही चार एकर सोयाबीन होतं. मी पदर डोळ्यांना लावला.

महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणून प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून करतात तो विधी. काकूंनी आधीच सांगितलं होतं, “तू बाकावर बसून राहा, कुणी वेगळ्या नजरेनं बघणार नाही.” लोक दहा-दहा जणांनी पुढं जात, कठड्याशी गुडघे टेकत. भाकरीचा लहान तुकडा आणि द्राक्षाचा रस. दारू नाही. हे चर्च मेथडिस्ट पंथाचं, त्यांच्यात रसच देतात. बँकेतले साहेब आणि नगरपालिकेत झाडू मारणारी बाई खांद्याला खांदा लावून टेकलेली मी बघितली. वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तसं काहीतरी पोटात हललं. मी बाहेरची होते, बसून होते, आणि तरी मला एकटं वाटलं नाही. काकू परत आल्या आणि न बोलता माझा हात हातात धरून बसल्या.

उपासनेनंतर अंगणात चहा होता. तिथं मी पाळकसाहेबांना विचारलं, मेथडिस्ट म्हणजे काय हो? त्यांनी जॉन वेस्लींची गोष्ट सांगितली. ऑक्सफर्डमध्ये नेमानं प्रार्थना, उपास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी करणाऱ्या वेस्ली आणि त्यांच्या सोबत्यांना चिडवायला पडलेलं ते नाव, ‘मेथड’ म्हणजे नेम, पुढं तेच टिकलं. वेस्ली दीक्षा घेतलेले पाळक होते, पण मन कोरडंच होतं. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये एका सभेत ते मन विलक्षण ऊबदार झालं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. पुढं ते उघड्यावर, खाणकामगारांपुढं बोलायला लागले. त्यांचे भाऊ चार्ल्स यांनी सहा हजारांवर गीतं लिहिली. हे ऐकलं आणि त्या पंथाला गाण्याची एवढी ओढ का, ते मला उमगलं.

आपल्याकडं हे लोक आले ते निजामाच्या राज्यात. बीदर त्यांचं मोठं ठाणं, आणि उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होतं. म्हणून आजही चहाच्या वेळी मराठीच्या जोडीनं कानडीही कानावर पडते.

घरी आले. सासूबाई निवडणं घेऊन बसल्या होत्या. “काय म्हणायलेत तिथं?” मी भजनाची एक ओळ म्हणून दाखवली. सुपातला हात थांबला. “हा तर आपलाच अभंग,” म्हणाल्या, आणि पुढची चाल स्वतःच गुणगुणल्या.

नोव्हेंबरात चर्चमध्ये नव्या पिकाची उपकारस्तुती असते. जो तो आपल्या रानातलं आणून वेदीपुढं ठेवतो, उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. सासूबाईंनी पायलीभर उडीद बांधून दिले. “पाऊस मागितला होता ना त्यांनी,” म्हणाल्या, “मग हे तिथं जायला पाहिजे.” अंडी, भोपळे, एक गावरान कोंबडा यांच्या रांगेत आमची पिशवी ठेवली. लिलाव करणाऱ्या भाऊंनी ती उचलून विचारलं, “हे कुणाकडून?”

काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आमच्या घरून.”