दुसऱ्याच्या फाइलला हात न लावता आपली सेटिंग पन्नास सर्व्हरवर

(महाप्यात सिस्टिम ॲडमिन मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात आता इतकी डेटा सेंटर उभी आहेत की तुमच्यातले बरेच जण रोज कुठल्या ना कुठल्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करत असणार, आणि ईटीसीमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइल असतात त्या फोल्डरमध्ये, जाऊन एखादी ओळ बदलायची सवयही असणार. एका मशिनवर ठीक आहे हो. पण तीच ओळ पन्नास मशिनवर हवी असेल आणि ती बदलणारा माणूस नोकरी सोडून गेला, तर कुठे काय बदललंय ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी मनापासून सांगतोय, आपली सेटिंगसुद्धा पॅकेज करून पाठवा, डेबियन-उबुंटूसाठी डेब करा नाहीतर रेड हॅटसाठी आरपीएम, मग तिला व्हर्जन नंबर मिळतो, चेंजलॉग मिळतो, कुठल्या मशिनवर कुठली पॉलिसी आहे ते एका कमांडमध्ये दिसतं.

आता बरेच जण पहिल्यांदा काय करतात, तर आपल्या पॅकेजमध्ये सरळ आख्खी सुडोअर्स फाइल, म्हणजे ॲडमिनचे अधिकार कोणाला ते ठरवणारी, घालतात. डेब पॅकेज बसवणारं डीपीकेजी तिथेच अडवतं, कारण ती फाइल सुडो पॅकेजची आहे आणि सोसायटीत एका पार्किंगला दोन मालक चालत नाहीत तसंच हे. मग पळवाट म्हणून पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये सेड, म्हणजे मजकूर बदलणारी कमांड, चालवून ओळ बदलायची. हे अजिबात करू नका. डेबियनच्या पॉलिसीत दुसऱ्या पॅकेजच्या कॉन्फ-फाइल, म्हणजे त्याच्यासोबत येणाऱ्या सेटिंगच्या फाइल, बदलायला मनाईच आहे, आणि त्याला कारण आहे. डीपीकेजीकडे मूळ फाइलचा एमडी५, म्हणजे मजकुराचा ठसा, साठवलेला असतो, पुढच्या अपग्रेडला तुमचीही फाइल बदललेली आणि पॅकेजमधलीही बदललेली निघाली की ते थांबून विचारतं, जुनी ठेवू की नवी घेऊ, आणि रात्री स्क्रिप्टने चालवलेला अपग्रेड तिथेच अडकतो. फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह, म्हणजे काही विचारू नको असा, ठेवून हा प्रश्न टळत नाही, त्यासाठी डीपीकेजीला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय द्यावे लागतात. आरपीएमवाल्यांनी कॉन्फिग फाइलला नोरिप्लेस लावायला विसरू नये, ते लावलं तर नवी फाइल आरपीएमन्यू नावाने बाजूला पडते, नुसतं कॉन्फिग लिहिलं तर ॲडमिनने बदललेली फाइलच आरपीएमसेव्ह नावाने बाजूला जाते आणि नवी लागू होते.

खरा मार्ग म्हणजे डॉट-डी फोल्डर, मूळ फाइलसोबत यातल्या छोट्या फाइलही वाचल्या जातात. सुडोअर्स डॉट-डी, कर्नलच्या सेटिंगचं सिसकंट्रोल डॉट-डी, पॅकेज आणणाऱ्या एपीटीचं कॉन्फ डॉट-डी, आणि ओपनएसएसएच ८.२ मध्ये, म्हणजे २०२० साली, इन्क्लूड, म्हणजे दुसरी फाइल आत घ्यायची सोय, आल्यापासून रिमोट लॉगिन सांभाळणाऱ्या एसएसएचडीलाही ते जमतं. आपली छोटी फाइल तिथे टाकायची, मूळ फाइलला हात नाही, भांडण नाही.

पण इथे प्रत्येक प्रोग्रॅमचा स्वभाव वेगळा आहे, आणि लोक फसतात ते इथेच. सिसकंट्रोलमध्ये नावाच्या क्रमाने शेवटी आलेली फाइल जिंकते, म्हणून सगळे सवयीने फाइलच्या नावाआधी ९९ नंबर देतात. एसएसएचडीमध्ये उलटं, पहिली मिळालेली किंमत पक्की होते, म्हणजे क्लाउडवरचं मशिन पहिल्यांदा सेट करणाऱ्या क्लाउड-इनिटने ५० नंबरच्या फाइलमध्ये पासवर्ड लॉगिन चालू ठेवलेलं असेल तर तुमच्या ९९ मधलं बंद काही कामाचं नाही, तुम्हाला १० द्यायला हवा. शंका असेल तर एसएसएचडी मायनस कॅपिटल टी चालवा, नक्की काय लागू झालंय ते तोच सांगतो. आणि सुडोअर्स डॉट-डीमध्ये नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही, एररही येत नाही, तर एसएसएचडीच्या नेहमीच्या इन्क्लूड ओळीला फाइलच्या नावाशेवटी डॉट कॉन्फ लागतंच.

जिथे डॉट-डीची सोयच नाही तिथे डीपीकेजी-डायव्हर्ट आहे, मूळ फाइल रीतसर बाजूला सरकवतं, अपग्रेड आला तरी नवी प्रत त्या बाजूच्या जागीच जाते. त्यावरच बेतलेलं कॉन्फिग-पॅकेज-डेव्ह हे एमआयटीच्या डेबअथेना प्रकल्पवाल्यांनी बनवलंय, मूळ फाइलवर ट्रान्स्फॉर्म, म्हणजे बदल करणारी कमांड, चालवून आपली फाइल तयार करायचीही सोय त्यात आहे, ते जरूर बघा.

एक गोष्ट टीममध्ये सगळ्यांना सांगून ठेवा. डेबियनवर आपल्या सेटिंगचं पॅकेज नुसतं रिमूव्ह केलं तर ईटीसीमधली कॉन्फ-फाइल जागेवरच राहते, डीपीकेजीच्या यादीत आरसी, म्हणजे पॅकेज काढलं पण कॉन्फ-फाइल शिल्लक, असं दिसतं आणि एसएसएचडी ती फाइल वाचतच राहतो, म्हणजे काढलेली पॉलिसी चालूच. तिथे पर्ज करायचं, म्हणजे कॉन्फ-फाइलसकट काढायचं, आणि मग सर्व्हिस रिलोड.